वीस पोती

वर्तमानपत्रात हल्ली अधूनमधून एक गोल छापून येतो. आपला देश हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो कुठून कुठून येतो, हे रंगीत फोडी करून दाखवलेलं असतं. विजेचा भाग मोठा, मग कारखाने, मग गाड्या, सिमेंट, घरगुती चुली. आमच्या वेळी शाळेत या वायूला कर्बद्विप्राणिद म्हणत आणि चुन्याच्या निवळीत फुंकर मारून पाणी दुधाळ करून दाखवत. हाच वायू एक दिवस देशाच्या हिशेबात येईल असं कोणी म्हणालं असतं, तर मास्तरांसकट अख्खा वर्ग हसला असता. आता लोक तो गोल बघतात, 'अरे बापरे' म्हणतात आणि पान उलटतात. मला पान उलटवत नाही. मी चहा तसाच टाकून उठते, या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारते. घरातले म्हणतात, जरा बसा की. पण नाही बसवत, त्याला मी काय करू.

असे आकडे आभाळातून पडत नाहीत, हे मला माहीत आहे. कोणीतरी फॉर्म घेऊन दारोदार जातं आणि विचारतं, महिन्याला किती जाळता? नागपुरात सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा असं विचारत हिंडणाऱ्यांत मी होते. त्यातल्या एका दारात मी विचारलेला प्रश्न आणि लिहून घेतलेलं उत्तर अजून माझ्या जिवाला लागून आहे.

ते दार माझ्याच घराचं होतं.

आम्ही टिमकीतले. विणकरांची वस्ती, गल्लीला लागून घरं आणि घरात माग. सकाळी गल्लीत ताणे पसरायचे, खळ लावायची, आणि उन्हं चढली की घराघरांतून मागांवर पळणाऱ्या धोट्यांचा खडखडाट सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. आमच्या घरी मात्र माग नव्हता. माझे वडील सूत रंगवायचे. परसात दोन मोठ्या कढया वीटकामात बसवलेल्या, खाली कोळशाची भट्टी, आणि वर आडव्या बांबूंवर सुताच्या लडी लोंबत असायच्या. आजूबाजूच्या साठ-सत्तर मागांचं सूत आमच्याकडे यायचं. लुगड्याचं लाल, काठाचं काळं, नऊवारीचा तो गडद जांभळा, हे सगळं वडिलांच्या हातचं. ते फारसे बोलत नसत, पण भट्टीशी त्यांचं सतत काहीतरी चालू असायचं. आच कमी झाली की त्यांना पाठमोरं असतानाही कळायचं.

रंगाचं सगळं आचेवर असतं. सूत कढईत असताना पाणी एकसारखं उकळत राहायला हवं. मध्येच आच उतरली तर रंग एका जागी चढतो, दुसऱ्या जागी चढत नाही, आणि मग ती लडी कितीही वेळा बुडवा, डाग जात नाही. म्हणून कोळसा लागायचा. लाकूड भडकतं आणि बसतं. कोळसा धीराचा. तो उमरेडहून यायचा, वखारीत उतरायचा आणि तिथून हातगाडीवर आमच्या परसात. महिन्याला चाळीस पोती. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता, कारण पोती मोजून घ्यायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं.

उमरेड आईचं माहेर. तिथंही पिढ्यान्‌पिढ्या माग, पण माझे दोन्ही मामा माग मोडून कोळशाच्या खाणीत लागले होते. पुढे मी जळणाच्या पाहणीत नोकरीला लागले, तेव्हा आई कोणी आलं की सांगायची, "भाऊ खंदते, नवरा जाळते अन् पोरगी मोजते. आमच्या घरात दुसरं कामच नाई." ती हे हसत सांगायची. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

आमच्या गल्लीची एक रीत होती. हातात कागद आणि पेन घेऊन कोणी आलं, की त्याला अर्धं सांगायचं. ही रीत कुठून आली, कोणी सुरू केली, मला सांगता येणार नाही. सुताचं रेशनिंग होतं त्या काळातली असावी. चार माग असतील तर दोन सांगायचे, सहा माणसं विणत असतील तर तीन. मी सातआठ वर्षांची असताना शेजारच्या काकूंकडे एक इन्स्पेक्टर आला होता. काकू दारात उभ्या, आत चार माग एकदम खडखडताहेत, त्यांचा आवाज इतका की इन्स्पेक्टरला ओरडून विचारावं लागलं. "माग किती?" काकू तेवढ्याच जोरात ओरडल्या, "दोन." त्याने मान हलवली, लिहिलं, आणि पाणी पिऊन गेला. मी आईला विचारलं, त्याला ऐकू येत नव्हतं का? आई म्हणाली, "त्याले सारं ऐकू येते. तो दोन लिहिते अन् वर जाऊन चार समजते. तशीच पद्धत आहे."

म्हणजे त्यांच्या लेखी ते खोटं बोलणं नव्हतंच. सांगणाऱ्याने हातचं राखून सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ते समजून घ्यायचं, असा तो व्यवहार होता. इतकी वर्षं तो सुरळीत चालला, कारण ऐकणारेही मुरलेले होते.

मी मुरलेली नव्हते. मी शिकलेली होते.

गल्लीत बी.ए. झालेली पहिली मुलगी म्हणजे मी. विषय अर्थशास्त्र. त्यात माझा स्वभाव असा की एका जागी बसवत नाही, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, हिला भट्टीजवळ नेऊ नका, आधीच तापलेली आहे. एका सरकारी पाहणीसाठी माहिती गोळा करायला तात्पुरती माणसं घेत होते, तिथं मी लागले. शहरात आणि आसपास कोण काय जाळतं, हे मोजायचं होतं. रेल्वेची इंजिनं, वीजकेंद्र, वीटभट्ट्या, खानावळी, भट्टीवर चालणारे छोटे धंदे, घरातल्या शेगड्या. कोळसा किती, लाकूड किती, रॉकेल किती, गोवऱ्या किती.

आमचे साहेब गणिती माणूस होते. शर्टाची बाही शाईने भरलेली, बोलणं हळू. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला फळ्यावर एक तक्ता काढून दाखवला. आडव्या ओळीत जळण, उभ्या रकान्यात धंदे. "हे वेगवेगळे दिसतात, पण वेगळे नाहीत," ते म्हणाले. "विणकराच्या भट्टीत जळला नाही तो कोळसा वीजकेंद्रात जळतो. ती वीज पॉवरलूमला जाते. पॉवरलूम चालला की विणकराची भट्टी आणखी थंडावते. एका रकान्यातून उतरलं की दुसऱ्यात चढतं. आणि सगळ्याचा धूर शेवटी एकाच आभाळात जातो. परदेशात काही लोक आता तोही मोजायला लागलेत." आम्ही वहीत उतरवून घेतलं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा नव्या होत्या आणि टिमकीच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की दिसायच्या. मी घरी जाऊन वडिलांना त्या तक्त्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "बरं आहे. कोनी तरी मोजलं पाह्यजे." 

साहेबांनी दुसरी एक गोष्ट बजावली होती. उत्तर देणारा जे सांगेल तेच लिहायचं, मनाचं एक अक्षर घालायचं नाही. आमच्यातल्या एकाने घरी बसून फॉर्म भरले होते, त्याला आठवड्याच्या आत घरी बसवलं. आणखी एक नियम होता, नात्यातल्या कोणाची माहिती आपण घ्यायची नाही, दुसऱ्याला पाठवायचं. वाटपात टिमकी माझ्या वाट्याला आली, तेव्हा यादीत वडिलांचं नाव होतं. मी ते साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं कारण सांगते, मला मिरवायचं होतं. आपल्या गल्लीत, आपल्या परसात, फॉर्मची पाटी हातात घेऊन उभं राहायचं होतं.

उन्हाळा नुकताच लागला होता. मी साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून, घरच्याच दारातून आत गेले आणि परसात वडिलांसमोर उभी राहिले. लग्नसराईचे दिवस, दोन्ही कढया उकळत होत्या. लडी न्यायला आलेले तीन म्हातारे विणकर बाकावर बसले होते. आई म्हणाली, "पानी पे आधी." मी म्हटलं, मी कामावर आहे. म्हातारे हसले.

मी एकेक प्रश्न विचारत गेले. धंदा कोणता, किती वर्षं, माणसं किती. वडील उत्तरं देत होते, काठीने लडी फिरवत होते. मग आला तो प्रश्न.

"महिन्याला कोळसा किती लागते?"

"वीस पोती," वडील म्हणाले.

मला वाटलं चुकून बोलले. मी परत विचारलं. "वीस," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू, पुढे जा, काय एकच धरून बसलीस. बाकावरचे म्हातारे निवांत विडी ओढत होते. त्यांनीही आपापल्या घरी मला सगळं अर्धंच सांगितलं होतं आणि मी ते मुकाट्याने लिहिलं होतं, पण ती लोकांची घरं होती.

"बाबा, या फॉर्मचा कोळशाच्या परमिटाशी काही संबंध नाई," मी म्हटलं. "हे फक्त तक्त्यासाठी आहे. नीट सांगा ना."

"नीटच सांगून राहिलो. वीस."

आता विचार करते तेव्हा कळतं, त्यांना दुसरं काही बोलता येणार नव्हतं. त्या तिघांसमोर त्यांनी कागदाला पुरं सांगितलं असतं, तर सगळ्या गल्लीचं अर्धं उघडं पडलं असतं. आणि त्यांना चिंता तरी कसली होती? समोर इन्स्पेक्टर नव्हता, पोटची पोरगी होती. पोती मोजून घेणारी. वीस म्हटलं की चाळीस समजायला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं कोण होतं?

पण मी डोक्यात राख घालून घेतली. मला वाटलं, यांनी मलाही त्या पाणी पिऊन जाणाऱ्या इन्स्पेक्टरांतच जमा केलं. इतकं शिकले, नियमाने काम करायला निघाले, आणि बाप मला गल्लीची रीत शिकवतो आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं, जरा चढ्या आवाजात. ते म्हणाले, "किती डाव सांगू वं तुले?" मग मी मनात म्हटलं, ठीक आहे, घ्या तुमचे वीस. पेन दाबून लिहिलं, २०. त्यांचा अंगठा नाही, सही घेतली. ते सही करत होते, मोडीच्या वळणाची, सावकाश. कढईखाली चाळीस पोत्यांची आच होती आणि तिच्यापुढे उभी राहून मी वीस लिहून घेतले. घाम पुसला, पाणी न पिता पुढच्या घरी गेले.

पुढचे काही महिने मी तो आकडा विसरले होते, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नाही. तक्त्याची बेरीज करताना टिमकीचा कागद आला की माझा हात थांबायचा. साहेबांना सांगावं, असं मनात यायचं. पण सांगायचं म्हणजे नात्यातल्या घराचा फॉर्म मीच भरला हेही सांगावं लागणार. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी स्वतःची समजूत घालायची, तक्त्यात वीस पोत्यांनी काय फरक पडतो. अख्ख्या शहराचा कोळसा त्यात, रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी.

मग कोळशाची टंचाई आली. वीजकेंद्रांना आधी, रेल्वेला मग, आणि उरला तर बाकीच्यांना, अशी पाळी लागली. वखारीसमोर रांगा, माणसं हमरीतुमरीवर. लहान भट्ट्यांना किती द्यायचा याचं नवं परमिट ठरणार होतं, आणि ते ठरवायला परमिटच्या ऑफिसने आमच्याकडे आकडे मागितले. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. साहेबांनी याद्या काढायला सांगितल्या. टिमकीची यादी माझ्याच पुढ्यात आली, कारण ती माझ्याच अक्षरात होती.

दुपारभर मी त्या कागदापुढे बसले होते. उठायची, पाण्याच्या माठापर्यंत जायची, परत यायची. दोनाचा चार करायला कितीसा वेळ लागतो. पण मूळ फॉर्मवर २० होतं, त्यावर वडिलांची सही होती, आणि फॉर्म कपाटात साहेबांच्या कुलपात होते. यादी आणि फॉर्म जुळवून बघणार हे ठरलेलं होतं. मी यादी जशीच्या तशी उतरवली. साऱ्या गल्लीला त्यांनी सांगितलेलं अर्धं मिळणार होतं. पण मागवाल्यांचं कोळशावाचून अडत नव्हतं, त्यांच्या घरात कोळसा शेगडीपुरता. भट्टी एकट्या वडिलांची होती.

घरी सांगितलं तेव्हा ते जेवत होते. "म्हनजे तू वीसच लिहिले?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितले ना वीस. तीन तीन डाव विचारलं मी."

"मी सांगितले," ते म्हणाले. "पन तुले माहीत होते ना."

आई म्हणाली, "जाऊ द्या, जेवा." ते जेवले. मला वाटतं त्यांनी मला रागावायला हवं होतं, मग मीही भांडले असते आणि दोघांचं निभावलं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, की पूर्वीचे इन्स्पेक्टर बरे होते, कमी शिकलेले असले तरी त्यांना कळत होतं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं परमिटच्या ऑफिसात गेलो. मी हट्टाने गेले. तिथला अधिकारी वयस्क होता, सज्जन होता. वडिलांनी सांगितलं, वीस पोत्यांत भट्टी चालत नाही, चाळीस लागतात. त्याने यादी काढली, बोट फिरवलं. मग चष्मा काढून म्हणाला, "हे बघा, दोनच गोष्टी होऊ शकतात. माहिती लिहून घेणाऱ्याची चूक असेल, तर मी आजच्या आज आकडा बदलून देतो. त्यांच्या ऑफिसला तसं कळवीन, म्हणजे झालं. पण तुम्हीच कमी सांगितलं असेल, तर मला काही करता येत नाही. पुढची पाहणी होईपर्यंत हाच आकडा. काय झालं होतं?"

पुढची पाहणी तीन वर्षांनी होती.

त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण?"

"पोरगी आहे. शिकलेली आहे म्हनून संगं आनली," वडील म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. लिहून घेणारी मीच, चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्या शब्दांत भट्टी वाचत होती. पण त्याने आमच्या ऑफिसला कळवलं असतं, साहेबांनी फॉर्म काढला असता, नाव बघितलं असतं, आणि मी घरी बसले असते. पुढच्या महिन्यात मी कायम होणार होते. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात वडील बोलले.

"लिहिनाऱ्याची काही चूक नाई, साहेब. मीच कमी सांगितलं. आमच्यात तशी सवय आहे."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कागदापुढे पुरं सांगितलं होतं. अधिकाऱ्याने हळहळून मान हलवली. आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर सायकलरिक्षांची गर्दी होती, ऊन होतं, आणि वडील माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला मागे फिरून आत जायचं होतं. घरापर्यंतच्या प्रत्येक चौकात मला ते वाटलं आणि मी एकाही चौकात फिरले नाही. याला भित्रेपणा म्हणतात. दुसरा शब्द मी खूप शोधला.

वीस पोत्यांवर भट्टी चालवायचा त्यांनी प्रयत्न केला. एक कढई बंद ठेवली. कोळशाचा चुरा आणि शेण कालवून आई गोळे थापायची, ते टाकून बघितले. बाभळीचं लाकूड आणलं, भाताचं तूस आणलं. मी कामावरून आले की आधी परसात डोकवायची, पाण्याला उकळी आहे का बघायची. नसली की मला जेवण जायचं नाही. वडील कढईभोवती फिरत राहायचे, पंख्याने वारा घालायचे, काठीने निखारे वर काढायचे. शांत माणूस, पण त्या महिन्यांत त्यांचाही पाय एका जागी ठरत नव्हता.

लग्नसराईआधी एका जुन्या विणकराने लुगड्यासाठी लाल सूत रंगवायला दिलं. ते लुगडं विणून झाल्यावर तो घेऊन आला. भांडायला नव्हता आला. त्याने ते परसात उन्हात बांबूवर पसरलं आणि बाजूला उभा राहिला. पदराच्या वर हातभर पट्टा फिका होता. कढईखालची आच ज्या दिवशी मध्येच बसली होती, त्या दिवसाच्या लडी तिथं विणल्या गेल्या होत्या. वडिलांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माह्या हातचं हे शेवटचं समज. आता आनखी कोनाचं सूत खराब नाई करत मी." दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही.

गल्लीतले माग आधीच एकेक करून बंद पडत होते, आता उरलेले तयार रंगीत सूत आणायला लागले. वस्तीच्या टोकाला पॉवरलूमची शेड झाली होती. वडील तिथं कांड्या भरायच्या कामाला लागले. धोट्यात बसणारी ती सुताची कांडी भरणं हे आमच्यात बायका-पोरांचं काम. शेडमध्ये ते विजेच्या चक्रावर होई, वडील फक्त तुटलेला धागा जोडत. साहेबांचा फळ्यावरचा तक्ता मला तिथं रोज दिसायचा. वडिलांचा कोळसा कोराडीला जळत होता, आणि त्याची वीज येऊन त्यांच्या पुढ्यातलं चक्र फिरवत होती. मी कायम झाले होते. पहिल्या पगाराचे पेढे आईने गल्लीत वाटले. मी त्यातला एकही खाल्ला नाही, आणि का खात नाही हे कोणी विचारलंही नाही.

तीन वर्षांनी दुसरी पाहणी आली. आधीच्याच घरांना परत भेटायचं होतं. या वेळी मी टिमकी दुसऱ्याला देऊ शकत होते. नाही दिली.

रविवार होता, वडील घरी होते. परसात कढयांच्या जागी आईने तुळस आणि वांगी लावली होती. मी समोर बसले, फॉर्म मांडीवर घेतला. या वेळी बाकावर कोणी नव्हतं.

"कोळसा?" मी विचारलं.

"काही नाई. लिही, काही नाई."

मी लिहिलं. पुढचा प्रश्न नवा होता, या खेपेला घातलेला. धंदा बंद असल्यास कारण. खाली पाच कारणं छापलेली. इंधन मिळेना, मागणी नाही, भांडवल नाही, मालकाचं वय किंवा आजार, आणि पाचवं इतर, त्यापुढे स्पष्ट करा म्हणून मोकळी ओळ. मी पाचही वाचून दाखवली.

वडिलांनी तुळशीचं एक सुकलं पान खुडलं. मग म्हणाले, "वय झालं, लिही."

"बाबा, वयानं नाई झाली बंद."

"मले सांगून राहिली का? लिही म्हनलं ना. इंधन लिहिशीन तर कोनी विचारते, काहून नाई मिळालं. मंग जुना कागद काढते. तुह्या नोकरीले उगा घोर. वय झालं, त्याच्यात कोनाचं काही जात नाई."

उत्तर देणारा जे सांगेल तेच लिहायचं, हा नियम तेव्हाही होता. मी पाचव्या कारणावर खूण केली. मोकळ्या ओळीत लिहिलं, की मागील पाहणीत या भट्टीच्या इंधनाची नोंद निम्मी झाली, परमिट त्यावरून ठरलं, त्यामुळे भट्टी बंद पडली. नोंद करणारी उत्तर देणाऱ्याची मुलगी होती आणि खरा आकडा तिला ठाऊक होता. ओळ पुरली नाही. समासात लिहिलं. खाली माझी सही केली.

वडिलांना छापील अक्षर वाचता यायचं, माझं घाईचं लागायचं नाही. ते मान वाकडी करून बघत होते. "एवढं लांब काहून लिहून राहिली? वय झालं, एवढंच तर आहे."

"सरकारी भाषा आहे, बाबा," मी म्हटलं.

"हो, ते तसंच असते," म्हणून त्यांनी सही केली.

फॉर्म दिला आणि मी बोलावण्याची वाट बघत बसले. शिपाई टेबलाजवळून गेला तरी मी उभी राहायची. आठ दिवस गेले, महिना गेला. साहेब बदलून गेले होते, नव्यांना समास वाचायची सवय नव्हती. पाहणीचा अहवाल छापून आला, तेव्हा मी थेट शेवटचा तक्ता काढला. बंद पडलेल्या भट्ट्या, कारणांनुसार. पाचव्या कारणापुढे एक, असा आकडा होता. बाकी काही नव्हतं.

वडील त्यानंतर चार वर्षं जगले. कोणी नातेवाईक आला आणि माझ्या नोकरीचा विषय निघाला, की ते त्याला समजावून सांगायचे, की तिच्या कागदात एकदा थोडी गडबड होणार होती, पण मी वेळेवर वय झालं म्हणालो म्हणून निभावलं. हे ते इतक्या समाधानाने सांगायचे की मी उठून आत जायची. खरं काय लिहिलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि आपण मुलीला वाचवलं असं समजूनच ते गेले.